तुमच्या सणात देव कुठे असतो?

सांताक्लॉज घरात येणार नाही, झाड उभं राहणार नाही, लाल टोपी कोणी घालणार नाही. चोपड्याच्या आमच्या घरात नाताळचे हे नियम माझे होते. नवऱ्याला त्यात रस नव्हता, सासूबाई हसायच्या, आणि पाळकसाहेब तर स्वतःच संडे स्कूलच्या मुलांना टोप्या वाटायचे. माझं म्हणणं एवढंच होतं, की हा प्रभू येशूच्या जन्माचा सण आहे. त्याला मागाहून जे जे चिकटलं ते खरवडून काढलं की खाली ख्रिस्त सापडेल. बरीच वर्षं मी खरवडत राहिले. आता ते मत माझं नाही. मात्र मी मवाळ झाले असं कोणी समजू नये. माझी मुलगी म्हणते, आई पूर्वीपेक्षा जास्त कडक झालीय, फक्त वेगळ्या गोष्टींवरून.

हा कडकपणा काही मी एकटीने शोधून काढला नव्हता. खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे मिशनरी आले, त्यांत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं होती. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० साली शिकागोत ही संस्था काढली. पुढे १९४९ पासून ती ‘टीम’ या नावाने ओळखली जाऊ लागली. साधी उपासना, साधं घर, बायबल आणि प्रार्थना, हे वळण आमच्या जुन्या माणसांच्या अंगात भिनलेलं होतं. त्यातच काही विश्वासणारे अजूनही सांगतात, की पंचवीस डिसेंबर बायबलात कुठेच नाही, मग सण कशाला? त्यांचं पहिलं वाक्य खरं आहे. ही तारीख रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झालेली दिसते. मी त्यांच्याइतकी टोकाला गेले नाही. सण ठेवला, त्यावरचं सगळं काढलं. दारावर चांदणी लावू द्यायचे, कारण तारा बायबलात आहे. फराळ चालायचा. बेकरीत पीठ-साखर-डालडा देऊन नानकटाई भाजून आणायची, तीही चालायची, कारण ती मला आवडते.

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. गावात अजून लोक ‘सिस्टर’ म्हणूनच हाक मारतात. शिस्तीची सवय वॉर्डातून घरात यायची. मुलगी लहान असताना तिच्या शाळेत नाताळच्या आधी एक दिवस सगळ्यांना लाल टोपी घालून यायला सांगितलं होतं. मी तिला साध्या गणवेशात पाठवलं. वर्गात ती एकटी ख्रिस्ती, आणि टोपी नसलेलीही तीच एकटी. पाटलांची, बडगुजरांची, शेखांची पोरं टोप्या घालून नाचली आणि ही बाकावर बसून राहिली. घरी आल्यावर तिने विचारलं, “आई, हा आपला सण आहे ना?” मी तिला मोठं उत्तर दिलं. त्यात पाप, तारण, जगिकपणा सगळं होतं. तिने ऐकून घेतलं आणि जेवायला मागितलं.

खरवडून काढण्याची ही हौस जुनी आहे, हे मला नंतर वाचनातून कळलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन लोकांनी १६५९ साली नाताळ पाळण्यावर बंदी घातली. सण करताना सापडला त्याला पाच शिलिंग दंड. १६८१ मध्ये तो कायदा उठला, पण त्या राज्यात नाताळची अधिकृत सुटी मिळायला १८५६ उजाडावं लागलं. मुंबईत १८१३ साली उतरलेले आणि पुढे १८३१ मध्ये नगरला गेलेले अमेरिकन मराठी मिशनचे लोक याच भागातल्या, म्हणजे न्यू इंग्लंडच्या, मुशीतले. म्हणजे माझ्या आधी कैक पिढ्या माणसांनी हा प्रयोग करून पाहिला होता, तोही दंड लावून. आणि झालं काय? आज त्याच प्रदेशात डिसेंबरात दुकानं पाहावीत. बंदीने सण गेला नाही. सणातला ख्रिस्त तेवढा वाढला असंही दिसत नाही.

पण माझं मत पुस्तकाने बदललं नाही. शेजारणीच्या एका प्रश्नाने बदललं.

आमच्या शेजारी एक म्हातारी राहायची, अहिराणी बोलणारी, शेतातून थकून आली तरी ओट्यावर बसून गप्पा मारणारी. दिवाळीला तिच्याकडून सांजोऱ्यांचं ताट यायचं, नाताळला आमच्याकडून करंज्या, चिवडा, नानकटाई आणि केकचं ताट जायचं. एका नाताळला ताट हातात घेऊन तिने विचारलं, “सिस्टरबाई, तुमना सनमा देव कोठे शे?” मला वाटलं टोमणा असेल. टोमणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. दिवाळीत लक्ष्मीपूजन असतं, गणपतीत गणपती बसतो, कानबाईला कानबाई येते. तुमच्याकडे चांदणी दिसते, केक दिसतो, गाणी ऐकू येतात. देव काही दिसत नाही. तो कधी येतो आणि कुठे बसतो?

मला उत्तर देता आलं नाही. उत्तर मला माहीत नव्हतं असं नाही. देव आमच्याकडे होता, पण दार लावून. चोवीस तारखेच्या रात्री कुटुंबप्रार्थना व्हायची तेव्हा पुढचं दार बंद असायचं. वचन वाचायचं, प्रार्थना करायची, मग दार उघडायचं आणि ताटं वाटायला निघायचं. म्हणजे सांताक्लॉज मी बाहेर ठेवला आणि ख्रिस्ताला आत ठेवलं, आणि शेजाऱ्यांच्या वाट्याला दोघांपैकी कोणीच आलं नाही. आली ती नानकटाई. इतकी वर्षं मी ज्याला मध्यभागी ठेवत होते, तो त्या बाईला ओट्यावरून कधी दिसलाच नव्हता. बहुधा माझ्या मुलीलाही नाही.

दार का लावत होतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. भीती. कोणी म्हणेल, बोलावून धर्म शिकवतात. छोट्या गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि हल्ली तर चार माणसं जमून गाणी म्हणाली तरी कोणीतरी वळून पाहतं. त्यामुळे आम्ही एक सोयीचं उत्तर शोधून ठेवलं आहे. कोणी विचारलं नाताळ म्हणजे काय, तर हसून सांगायचं, आमची दिवाळीच म्हणा की! विचारणारा खूश, आपणही सुटलो. यात खोटं काही नाही, पण यात ख्रिस्तही नाही. ज्या सांताला मी शिव्या घालत होते, त्याने आमच्या घरातली जागा घेतली नव्हती. ती जागा आम्हीच भीतीपोटी झाकून ठेवली होती.

या बाबतीत मला धीर आला तो आमच्याच भागातल्या एका मुलामुळे. तापी ओलांडली की धरणगाव. तिथे १८९० मध्ये त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मला. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं, तिथे या पोराची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं त्याच्यावर प्रेम जडलं आणि तो नगरला त्यांच्या घरी जाऊन राहिला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्याच्याविषयी पोटच्या पोराविषयी लिहावं तसं लिहिलंय. आता ते घर कसलं होतं? टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. तोवर त्याच माणसाची बायको हिंदू होती आणि दोघांच्या भांडणांनी महाराष्ट्राला एक मोठं पुस्तक दिलं. टिळकांची भजनं आम्ही आजही ‘उपासना संगीत’मधून गातो. ज्या घरात ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं गेलं, त्या घरात ख्रिस्त मध्यभागी होता की नाही ही शंकाच नको. आणि त्याच घरात धरणगावचं ब्राह्मणाचं पोर राहिलं, हिंदूच राहिलं, १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली अंत होईपर्यंत. टिळकांनी त्याच्यासाठी ख्रिस्ताला झाकून ठेवलं असेल असं मला वाटत नाही. टिळकांना काही झाकून ठेवणं जमतच नव्हतं. दार उघडं आणि देवही उघडा, हे शंभर वर्षांपूर्वी नगरात चालत होतं. मग चोपड्यात का चालू नये?

पुढच्या नाताळला मी त्या म्हातारीला ताट द्यायला गेले नाही. तिलाच बोलावलं, वाचनाच्या वेळी. आणि मग खरी अडचण उभी राहिली, कारण आता गोष्ट सांगायची होती. लूकचा दुसरा अध्याय मला जवळजवळ पाठ. पण तिच्या समोर बसून वाचू लागले तेव्हा लक्षात आलं, की मी हे बाळंतपण म्हणून कधी वाचलंच नव्हतं. मी! ज्या बाईचं अर्धं आयुष्य लेबर रूममध्ये गेलं.

म्हातारीने मध्येच थांबवून विचारलं, सुईण कोण होती? नाळ कोणी कापली? बाईला जेवायला काय मिळालं? लूकने यातलं काहीच लिहिलेलं नाही. रोमच्या बादशहाचं फर्मान, नावनोंदणी, नाझरेथहून बेथलेहेम म्हणजे इथून धुळं गाठण्यापेक्षाही लांबची वाट, पोट पुढे आलेली पोर, उतरायला जागा नाही, आणि बाळ गव्हाणीत. मी थांबले. मला एक चोवीस डिसेंबर आठवला. तेव्हा मी रात्रपाळीला होते. ऊसतोडीच्या मजुरांपैकी एक बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणली होती. चहार्डीच्या कारखान्याचा हंगाम चालू असला की आमच्या तालुक्यात उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या खोप्या उभ्या राहतात. आणि आमच्याच सातपुड्यातल्या पाड्यांवरची माणसं त्याच दिवसांत तोडीला गुजरातकडे गेलेली असतात. ही बाई वाटेतच मोकळी झाली होती. बाळ बापाच्या मफलरमध्ये गुंडाळलेलं, अंग गार पडत चाललेलं. आम्ही वॉर्मरखाली घेतलं, नाळ नीट बांधली, आईला पाहिलं, दोघं बरी निघाली. सकाळी ड्यूटी संपवून घरी आले, अंघोळ केली आणि उपासनेला गेले. प्रवचनात गव्हाण ऐकली. आणि खरं सांगते, मला जांभई आली. दोन्हीचा काही संबंध आहे हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. मी तर त्या वर्षी कॅरोलवाल्या पोरांनी सांता आणला म्हणून नाराज होते.

गव्हाणीचं हे दृश्य माणसांच्या डोळ्यांपुढे उभं करावं असं असिसीच्या फ्रान्सिसला १२२३ मध्ये वाटलं, तेव्हा त्याने इटलीतल्या ग्रेच्यो गावी खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून ठेवलं. वसईचे आमचे कॅथलिक भाऊबंद घराघरांत गोठा करतात त्याचं मूळ इथे. आम्ही मात्र त्याला मूर्ती म्हणून नाकं मुरडायचो. मूर्ती न मांडण्याची आमची रीत मला अजून बरोबर वाटते आणि ती मी सोडलेली नाही. पण गव्हाण ही काही मूर्ती नव्हे. आता चोवीसला आमच्या बैठकीच्या खोलीत शेजारच्या गोठ्यातली एक जुनी लाकडी गव्हाण येते. आत कडबा टाकतो. त्यात काहीच ठेवत नाही. पाहुण्यांची पोरं विचारतात, रिकामी का? मग गोष्ट सुरू होते.

आणि ती गोष्ट खानदेशात सांगायला इतकी सोपी आहे, की आम्ही तिला विलायती बर्फात का नेऊन ठेवलं तेच कळत नाही. मेंढपाळ म्हटलं की आमच्या पोरांना कार्ड पाहावं लागत नाही. पाऊस सरला की धुळ्याकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन निघतात. शेतकरी त्यांना बोलावून शेतात मेंढ्या बसवून घेतो, लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य देतो. कापूस वेचून झालेल्या रानात रात्री जाळीच्या कुंपणात मेंढ्या, बाजूला शेकोटी, घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड उतरवलेलं, बाजेवर पोरं, आणि लांडग्याच्या भीतीने एक जण जागा. गावात त्यांना कोण विचारतं? पाणी भरायला आले तरी लोक वळून पाहतात. देवाच्या जन्माची बातमी आधी त्यांना मिळाली. राजाला नाही, मंदिरातल्या याजकांना नाही. हे मी सांगितलं तेव्हा म्हातारी म्हणाली, मग बरोबर आहे, जागे तेच असतात ना रात्री. आमच्या कुठल्या प्रवचनात हे मी ऐकलं नव्हतं.

देव माणूस झाला, तोही असा, हा नाताळचा अर्थ. तो जपायचा म्हणजे मला आधी वाटायचं, काय काय काढून टाकायचं याची यादी करणं. आता वाटतं, गोष्ट सांगणं, दार उघडं ठेवून सांगणं आणि तिच्यातल्या माणसांना ओळखणं. झाड असलं काय आणि नसलं काय. नातवंडांनी गेल्या काही वर्षांत एक प्लॅस्टिकचं झाड आणलंय. मला ते कुरूप वाटतं. राहू दे कोपऱ्यात.

सांताचंही सांगायला हवं, नाहीतर मुलगी म्हणेल आईने तेवढं टाळलं. तो लाल डगला, ते हो-हो-हो, ते मला अजून आवडत नाही आणि आवडून घेण्याचा माझा विचार नाही. पण त्याच्या मागे निकोलस नावाचा चौथ्या शतकातला बिशप आहे, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा शहराचा. त्याच्याविषयीची आख्यायिका अशी, की एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि हुंड्याला पैसा नव्हता, मुली विकल्या जायची वेळ आली. निकोलसने रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या, नाव न सांगता. हुंड्याची गोष्ट! आमच्या भागात हुंड्यापायी किती घरं कर्जात बुडाली ते मी दवाखान्यात पाहिलंय, आणि जळालेल्या सुनाही पाहिल्यात. असा माणूस मी दाराबाहेर उभा केला होता. आता नातवंडांना टोपी घालायची तर आधी ही गोष्ट सांगावी लागते. धाकटा एकदा म्हणाला, मग सांता खिडकीतून पैसे टाकून पळून गेला? मी म्हटलं, हो, आणि आरतीचं ताट घेऊन कोणी त्याच्या मागे धावलं नाही.

कडकपणा कुठे वाढला तो आता सांगते. वाचन झाल्याशिवाय केक कापायचा नाही. वाचनाला फोन बाहेर. वाचताना शेजारचं निदान एक घर आमच्यात बसलेलं असलं पाहिजे आणि त्यांना काय वाटेल म्हणून एकही ओळ गाळायची नाही. येशूला आम्ही प्रभू म्हणतो तर त्यांच्या समोरही प्रभूच म्हणायचं. त्यांनी ते मानावं असा आग्रह नाही, त्यांच्या लक्ष्मीपूजनाला मी जाते तेव्हा माझ्यावरही कोणी करत नाही. प्रसाद मी घेत नाही, हे त्यांना माहीत आहे आणि त्यांनी कधी मनाला लावून घेतलेलं नाही. जावईबापूंना ही शिस्त जरा जड जाते. पुण्याहून ते मोठा केक आणतात आणि तो बिचारा तासभर टेबलावर बसून राहतो.

आणि एक गोष्ट नवी सुरू झाली, ती सासूबाई असत्या तर त्यांना आवडली असती. नाताळात आम्ही एकमेकांना देण्याच्या वस्तू कमी केल्या आणि त्या पैशातून बाळंतविडा भरतो. डिसेंबरात फडावर, वीटभट्टीवर किंवा पालावर जी कोणी बाळंत झाली असेल तिच्यासाठी. कोण आहे ते आशाताईंना विचारलं की कळतं. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला विचारलं, यात सुवार्ता कुठे आहे? मी म्हटलं, गोष्टीतल्या बाईला त्या रात्री जे कोणी दिलं नाही ते देतोय. ते गप्प बसले. पटलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. बाळंतविडा देताना आम्ही बायबल देत नाही, पत्रक देत नाही, फोटो काढत नाही. कोणी विचारलं कशाबद्दल, तर सांगतो, आज आमच्या प्रभूचा जन्मदिवस आहे आणि तोही असाच वाटेवर जन्मला होता. एवढं सांगायला आता मला भीती वाटत नाही.

मला जुन्या मतासाठी फार वाईटही वाटत नाही. ख्रिस्त हरवेल ही धास्ती खरी होती आणि ती अजून आहे. फक्त तो कशाने हरवतो याविषयीचा माझा अंदाज बदलला. ज्यांना सांताची चीड येते त्या माझ्यासारख्या आयांना मी चीड सोडा असं सांगणार नाही. चीड ठेवा, पण तिच्यावर पोरांचा नाताळ भागवू नका.

तुमच्याकडे यंदा करायचं असेल तर बाळंतविड्यात काय घालायचं तेही सांगून ठेवते: दोन सुती दुपटी, झबली, लंगोट, आईसाठी एक जाड शाल, डिंकाचे नाहीतर मेथीचे लाडू, अळीव आणि खोबरेल. टाल्कम पावडर आणि काजळ नको, नवजात बाळाला त्याची गरज नसते. लोकरीचं टोपडं आणि पायमोजे मात्र विसरू नका. डिसेंबरात आमच्याकडे रात्रीचा पारा फार उतरतो, आणि बाळाच्या अंगातली बरीच ऊब डोक्यातून जाते.